चेंडू नको असलेला संघ

भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवता बुडवता मामांनी विचारलं, "हे मोरोक्कोवाले बॉल घ्यायला का जाईनात रे?"

टीव्हीवर तेव्हा विशेष काही चाललं नव्हतं. ६ डिसेंबर २०२२ ची रात्र, कतारमधलं एज्युकेशन सिटी मैदान, विश्वचषकाच्या बाद फेरीतला मोरोक्को विरुद्ध स्पेन हा सामना. स्पेनचा रोद्री चेंडू लापोर्तला देत होता, लापोर्त तो रोद्रीला परत करत होता. त्यांच्यापासून पंधरा-वीस पावलांवर मोरोक्कोचा एकटा आघाडीपटू युसेफ एन-नेसिरी उभा होता. त्याला कसली घाई नव्हती. मधूनच मान वळवून तो मागे बघायचा आणि एक-दोन पावलं डावी-उजवीकडे सरकायचा. त्याच्या पाठीशी स्पेनचा सर्जिओ बुस्केट्स होता. त्या संघाचा सगळा खेळ ज्याच्या पायातून जायचा, तो हाच.

मी मामांना काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. दमायचं नाही, वाट बघायची, वगैरे. मामा तरुणपणी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचे. फुटबॉल ते माझ्यासाठी बघतात, तोही जेवताना. पाचेक मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दमायचा संबंध न्हाई. साखळी धरून उभी हायत ती. आत बोलवायलेत त्याला."

या पुस्तकाचं बी त्या वाक्यात आहे. मी स्वतः शाळकरी वयापासून कोल्हापुरात स्टॉपर म्हणून खेळलो, नंतर बरीच वर्षं फुटबॉलवर लिहिलं, आणि बचावाच्या डावपेचांबद्दल जे नेमकं सांगता येत नव्हतं ते एका कबड्डीपटूनं जेवता जेवता सांगून टाकलं. थोडा राग आला हेही कबूल करतो.

कबड्डीत बचाव करणाऱ्या सात जणांना कोणी भित्रे म्हणत नाही. चढाईपटू एकटा येतो, समोर सात जण असतात, आणि तरीही प्रेक्षकांची सहानुभूती आपोआप एकट्याकडे जाते असं होत नाही. पकडीला गुण आहे, कमी खेळाडू उरलेले असताना केलेल्या अव्वल पकडीला तर दोन. चढाईपटूनं निदान रेषा ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तोच बाद. म्हणजे त्याला आत यावं लागतं, आणि तो जितका आत येईल तितकी त्याची मध्यरेषा लांब जाते. चांगला कोपरारक्षक चढाईपटूला लांब ठेवायची धडपड करत नाही. तो पाय किंचित पुढे ठेवतो, आमिष दाखवल्यासारखा, आणि समोरच्याचा घोटा हाताच्या टप्प्यात येईपर्यंत कळ काढतो. या 'कळ काढण्या'ला फुटबॉलमध्ये आपल्याकडे प्रतिष्ठेचा शब्द नाही. आपण त्याला 'बचावात्मक खेळ' म्हणतो, आणि म्हणताना ओठ जरा वाकडे होतात.

युरोपात याहून वाईट शब्द आहेत. गोलपुढे बस उभी करणं हा वाक्प्रचार प्रशिक्षक जोसे मोरिन्यो यांनी २००४ मध्ये टॉटनहॅमचा संघ त्यांच्या संघाशी गोलशून्य बरोबरी करून गेला तेव्हा चिडून वापरला. पुढे तो त्यांच्याच संघांना असा चिकटला की आज बस म्हटली की मोरिन्योच आठवतात. आपल्या वर्तमानपत्रांतही बस येऊन उभी राहिली आहे.

आणि दुसऱ्या टोकाला आहे तो गनिमी कावा. प्रतिहल्ला म्हटलं की मराठी क्रीडा पत्रकाराची लेखणी आपोआप सह्याद्रीत शिरते. मीही हे पाप केलेलं आहे. पण ती तुलना टिकत नाही. गनिमी काव्यात रणांगण आपण निवडतो. शत्रूला घाटात, खिंडीत, अडचणीच्या जागी गाठतो आणि नको तेव्हा दिसेनासे होतो. फुटबॉलच्या मैदानाला घाट नाही. ते १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, सपाट, दिव्यांच्या झगझगाटात उघडं पडलेलं असतं. लपायला जागा नाही, पळून जायची सोय नाही. मोरोक्कोनं त्या सपाट हिरवळीवरच अकरा माणसं अशा अंतरांवर उभी केली की समोरच्याला ती हिरवळ अडचणीची वाटू लागली. पुस्तकाचा मुख्य विषय ही अंतरंच आहेत.

या विद्येचा इतिहास पुढे एका प्रकरणात आलेला आहे, म्हणून इथे धावता उल्लेख. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे ऑस्ट्रियन प्रशिक्षक कार्ल राप्पान यांनी एक बचावपटू सगळ्यांच्या मागे मोकळा ठेवण्याची पद्धत बसवली. फ्रेंचमध्ये तिला 'व्हेरू' म्हणत, म्हणजे दाराची कडी. १९३८ च्या विश्वचषकात राप्पान यांच्या स्वित्झर्लंडच्या संघानं जर्मनीला फेरसामन्यात ४-२ असं घरी पाठवलं. त्या वर्षी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यामुळे जर्मन संघात ऑस्ट्रियाचेही खेळाडू होते, तरी. इटलीत याच कडीचं 'कातेनाच्चो' झालं. त्याचाही अर्थ अडसरच. पुढे इटलीनं १९८२ चा विश्वचषक जिंकला तेव्हा ब्राझीलविरुद्धचा ३-२ हा सामना पाहून कित्येकांनी सुंदर खेळाचा अंत झाल्याचं जाहीर केलं. आणि २००४ मध्ये जर्मन प्रशिक्षक ओटो रेहागेल यांच्या ग्रीसनं युरोपीय अजिंक्यपद मिळवताना उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही सामने १-० नं घेतले, तेव्हा तर पोर्तुगालबाहेरचे लोकही सुतकात असल्यासारखे लिहीत होते. या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. कडी घालायची कल्पना दरवेळी ज्याच्या घरात फारसं सोनं नाही त्यालाच सुचली.

मोरोक्कोच्या बाबतीत हे पूर्ण खरं नाही, आणि म्हणून मला हा संघ जास्त रंजक वाटतो. अशरफ हकिमी तेव्हा पॅरिस सेंट-जर्मेनचा उजवा फुलबॅक, हकिम झियेश चेल्सीचा, नुसैर मझरावी बायर्नचा, यासिन बुनू सेव्हियाचा गोलरक्षक. गरीब घर नव्हे हे. २६ जणांच्या चमूतले १४ मोरोक्कोबाहेर जन्मलेले: हकिमी माद्रिदमध्ये, झियेश नेदरलँड्समध्ये, बुनू तर कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये. त्यांच्या शेजारी अझेदिन ऊनाही, एन-नेसिरी आणि नायेफ अगेर्द, हे तिघे देशातच, सालेजवळच्या मोहम्मद सहावा फुटबॉल अकादमीत घडलेले. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत फुटबॉल शिकलेली ही मंडळी. त्यांना चेंडूवर ताबा ठेवून खेळता आलं नसतं असं नाही. त्यांच्याकडे वेळ नव्हता.

वेळेचा हा मुद्दा राष्ट्रीय संघांच्या बाबतीत नेहमी निसटतो. क्लबचा प्रशिक्षक खेळाडूंना रोज सकाळी मैदानावर भेटतो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला ते वर्षातून मोजके दिवस मिळतात. मोरोक्कोच्या वालिद रेग्रागी यांना तर त्याहून कमी मिळाले. विश्वचषक २० नोव्हेंबरला सुरू होणार आणि वाहिद हालिलहोजिच यांच्या जागी यांची नेमणूक झाली ३१ ऑगस्टला. झियेश आधीच्या प्रशिक्षकांशी बिनसल्यामुळे संघाबाहेर होता, त्याला परत आणायचं होतं. सरावाचे सामने मिळाले तीन: चिलीविरुद्ध २-०, पॅराग्वेविरुद्ध ०-०, आणि स्पर्धेच्या तोंडावर जॉर्जियाविरुद्ध ३-०. एवढ्यात आक्रमणाची गुंतागुंतीची घडी बसत नाही. कोणी कधी धावायचं, कोणी त्याच क्षणी थांबायचं, पास कुठल्या पायावर हवा, हे सगळं सवयीचं काम आहे, आणि सवय लागायला महिने लागतात. बचावाची रांग मात्र चार-पाच सरावांत उभी करता येते. दोरी बांधून शिकवतात तसं: शेजारचा दहा पावलं सरकला की तूही दहा सरक. रेग्रागी स्वतः बचावपटू होते, २००४ च्या आफ्रिकी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ट्युनिशियाकडून हरलेल्या मोरोक्कोच्या संघात होते. २०२२ च्या मे महिन्यात त्यांच्या विदाद क्लबनं आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकली होती. तरी मायदेशातले टीकाकार त्यांच्या टकलावरून त्यांना 'अॅव्होकाडो' म्हणत. हे नाव नंतर त्यांनीच हसत मिरवलं.

आता रचनेकडे येऊ. कागदावर हा संघ ४-३-३ असा छापून यायचा. प्रक्षेपण सुरू होण्याआधी पडद्यावर जी ठिपक्यांची आकृती दाखवतात ती तशीच असायची: मागे हकिमी, अगेर्द, कर्णधार रोमेन साइस, मझरावी, मध्ये सोफियान अमराबात, ऊनाही, सेलिम अमल्लाह, पुढे झियेश, एन-नेसिरी, सोफियान बुफाल. ही आकृती चेंडू मोरोक्कोकडे असतानाची. तो त्यांच्याकडे नसायचा, त्यामुळे ती फारशी दिसायचीच नाही. दिसायची ती ४-१-४-१. झियेश आणि बुफाल मागे येऊन ऊनाही-अमल्लाहच्या ओळीत बसायचे, आणि या चौघांच्या व मागच्या चौघांच्या मधल्या पट्ट्यात एकटा अमराबात, देवळाच्या दारातल्या भालदारासारखा.

त्या पट्ट्यात एकच माणूस का? इथे थोडा हिशेब करावा लागतो, कंटाळा करू नये. ६८ मीटर रुंदी चार जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला १७ मीटर येतात. एवढी जागा कोणाच्या बापाला राखता येणार नाही. म्हणून चांगला बचाव सगळी रुंदी राखतच नाही. चेंडू उजवीकडे गेला की सगळी रांग उजवीकडे सरकते, माणसामाणसांत सात-आठ पावलांचं अंतर उरतं, आणि डावीकडचा टोकाचा शत्रू चक्क मोकळा सोडून दिला जातो. तो हात वर करून चेंडू मागत राहतो. त्याच्यापर्यंत पन्नास मीटरचा उंच पास जायला दोन-अडीच सेकंद लागतात, तेवढ्यात रांग बारा-पंधरा मीटर परत सरकलेली असते. तो चेंडू छातीवर घेऊन मान वर करतो तेव्हा समोर मझरावी हजर. सगळी कला त्या अडीच सेकंदांची आहे. एक जण जरी उशिरा सरकला तरी शेजाऱ्याशी असलेलं अंतर वाढतं आणि साखळी तुटते. चढाईपटू अशाच तुटलेल्या हाताची वाट बघत असतो.

लांबीचं गणित असंच. एन-नेसिरीपासून शेवटच्या बचावपटूपर्यंतचं अंतर साधारण तीस मीटर. सगळा संघ त्या तीस मीटरच्या चौकोनात. दोन रांगांच्या मधली जागा इतकी आखूड की स्पेनच्या पेद्री किंवा गावीनं तिथे चेंडू घेऊन वळायचं म्हटलं तर वळण पूर्ण होण्याआधी पाठीवर अमराबातचा श्वास. तो एकटा पुरायचा, कारण त्याची खोली त्याला पुरेल एवढीच ठेवलेली होती.

आणि आता एन-नेसिरी. तो रोद्री-लापोर्तच्या अंगावर का जात नव्हता, हा मामांचा मूळ प्रश्न. गेला असता तर बुस्केट्स सुटला असता. स्पेनच्या दोन सेंटर-बॅकना चेंडू हवा तेवढा वेळ ठेवू देणं मोरोक्कोला परवडत होतं. बुस्केट्सकडे तो सरळ जाणं परवडत नव्हतं. त्यामुळे स्पेनचा सर्वात मोठा धोका अडवण्याचं काम मोरोक्कोचा आघाडीपटू आपल्या सावलीनं करत होता. सेव्हियासाठी गोल करणारा सहा फुटांहून उंच माणूस, आणि त्याला काम काय, तर एका माणसाच्या वाटेत उभं राहायचं. हे त्याला पटवून देणं, ही मला रेग्रागींची सगळ्यात मोठी करामत वाटते. पाटीवर बाण काढायला कोणालाही येतात.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. १२० मिनिटांत स्पेननं हजारावर पास दिले. सामन्याचा तीन-चतुर्थांश वेळ चेंडू त्यांच्याकडे होता. बुनूच्या दिशेनं नेमका गेलेला फटका म्हणावा असा त्यांना जवळपास मिळाला नाही. याच स्पेननं स्पर्धेची सुरुवात कोस्टा रिकाला ७-० नं हरवून केली होती. पण १ डिसेंबरला जपाननं त्यांना २-१ असं हरवलं, तेही चेंडूवर १८ टक्क्यांच्या आसपास ताबा ठेवून. रेग्रागींच्या पाच दिवस आधी वाट दाखवणारा दुसराच कोणी होता म्हणायचं.

पेनल्टींबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. साराबियाचा चेंडू खांबाला, सोलेर आणि बुस्केट्सचे बुनूच्या हातात, आणि शेवटी माद्रिदच्या हकिमीनं गोलरक्षक एका बाजूला झेपावत असताना मधोमध हलकेच उडवलेला चेंडू. ३-० हा आकडा पेनल्टींचा आहे हे दहा वर्षांनी वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल की हा नुसता बचाव झाला, प्रतिहल्ला कुठे आहे. रास्त प्रश्न. खरं सांगायचं तर सातही सामन्यांत मिळून मोरोक्कोचे गोल सहा. त्यातले निव्वळ प्रतिहल्ल्याचे म्हणावेत असे थोडेच. बेल्जियमविरुद्ध भरपाई वेळेत झियेशनं उजवीकडून धावत जाऊन मागे दिलेला चेंडू झकारिया अबुखलालनं मारला, तो एक. कॅनडाविरुद्ध हकिमीच्या लांब पासवर एन-नेसिरीनं केलेला दुसरा. पोर्तुगालविरुद्धचा गोल तर क्रॉसवरच्या डोक्याचा. स्पेनविरुद्ध जादा वेळेत वालिद शेदीरा एकटा गोलरक्षकासमोर गेला आणि चेंडू उनाई सिमोनच्या पायाला लागून गेला. गोलांच्या हिशेबात प्रतिहल्ल्याची कमाई मामुली.

माझं मत असं की प्रतिहल्ल्याचं खरं काम गोलफलकावर शोधूच नये. बुफाल चेंडू घेऊन डाव्या कडेला दोघांना नाचवतो, ऊनाही मधून उंच पावलं टाकत चेंडू पुढे नेतो, हकिमी उजवीकडून सुटतो, हे पहिल्या वीस मिनिटांत तीनदा दिसलं की समोरच्या संघाचा फुलबॅक चौथ्यांदा पुढे जाताना मागे बघतो. पुढे जातो, पण पाच मीटर कमी जातो. ते पाच मीटर मोरोक्कोच्या खिशात. कुत्रा चावला नाही तरी भुंकल्यानं जे होतं ते झालेलं असतं. म्हणून नुसती बस उभी करणारे संघ शेवटी फुटतात आणि हे फुटत नव्हते. चेंडू हिसकावल्यानंतरच्या चार-पाच सेकंदांत पहिला पास पुढे जाईल की नाही, यावर पुढची वीस मिनिटं समोरच्यांच्या मनात काय चालणार ते ठरतं. त्या पासचं काम बहुतेक वेळा ऊनाहीकडे असायचं. स्पेनचे प्रशिक्षक लुइस एन्रिके यांनी सामन्यानंतर या आठ नंबरच्या पोराचं तोंडभरून कौतुक केलं; नाव मात्र त्यांना आठवेना.

पोर्तुगाल १० डिसेंबरला आला. स्वित्झर्लंडला ६-१ झोडपून आला होता. या सामन्यात माझ्यासारख्या आकृत्या काढणाऱ्याला जास्त शिकायला मिळतं, कारण इथे ठरलेली माणसंच नव्हती. अगेर्द आणि मझरावी दुखापतीनं बाहेर. त्यांच्या जागी जवाद एल यामिक आणि याह्या अतियतल्लाह. दुसऱ्या डावात कर्णधार साइसलाही स्ट्रेचरवरून न्यावं लागलं, त्याच्या जागी अशरफ दारी. म्हणजे मागच्या चौघांतला एकटा हकिमी मूळचा उरला, आणि तरीही रांग त्याच लयीत सरकत राहिली. गोल झाला तो ४२ व्या मिनिटाला: अतियतल्लाहचा डावीकडून क्रॉस, गोलरक्षक दियोगो कोस्ता पुढे आला, आणि त्याच्या हातांच्या वरून एन-नेसिरीचं डोकं. सावली बनून उभ्या राहणाऱ्या माणसानं त्या एका उडीत सगळी थकबाकी वसूल केली. मध्यंतराआधी ब्रुनो फर्नांदिसचा फटका आडव्या खांबाला लागला. शेवटी दहा जणांनिशी खेळून मोरोक्को उपांत्य फेरीत. कॅमेरून १९९०, सेनेगल २००२, घाना २०१०: आफ्रिकेचे हे तिघे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत येऊन थांबले होते.

नशिबाचा वाटा किती, हे लोक विचारतात, आणि मी टाळत नाही. वाटा आहे. स्पेनविरुद्ध १२० मिनिटं संपता संपता साराबियाचा चेंडू खांबाला घासून बाहेर गेला. पाच इंच आत गेला असता तर हे पुस्तक निघालं नसतं. पण फ्रान्सविरुद्धच्या सामन्यापर्यंत या संघावर झालेला एकमेव गोल कॅनडाविरुद्ध अगेर्दनं चुकून आपल्याच जाळ्यात घातलेला होता. पाच सामने, त्यातल्या एकात जादा वेळ, आणि प्रतिस्पर्ध्याच्या पायातून एकही गोल नाही. एवढं नशीब कोणाला सलग मिळत नाही.

१४ डिसेंबरला अल बैत मैदानावर हे सगळं कसं विस्कटलं त्यावर मी सगळ्यात लांब प्रकरण लिहिलं आहे, आणि लिहिताना सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला. उपांत्य फेरीत रेग्रागींनी रचना बदलली. किलियन एम्बाप्पेच्या धास्तीनं म्हणा किंवा खेळाडूंच्या दुखापतींमुळे म्हणा, मागे पाच जण ठेवले. अगेर्दचं नाव यादीत होतं, पण सरावाच्या धावेतच तो बाद झाला आणि दारी आत आला. पाचव्या मिनिटाला थिओ हर्नांदेझनं हवेतल्या चेंडूवर पाय मारून गोल केला. साइस दुखऱ्या पायानं खेळत होता, २१ व्या मिनिटाला तो बाहेर गेला. रेग्रागींनी पाचाची रांग मोडून पुन्हा चौघांची केली, आणि तेव्हापासून मोरोक्को खरं तर चांगलं खेळला. एल यामिकची उलटी किक खांबाला लागली. चेंडू फ्रान्सपेक्षा मोरोक्कोकडे जास्त वेळ होता.

त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबायला हवं. स्पर्धेत पहिल्यांदाच हा संघ मागे पडला होता. तोवर एका मिनिटासाठीसुद्धा नाही. गोलशून्य असो वा आघाडी, 'तुम्ही या, आम्ही थांबतो' असं म्हणण्याची मुभा त्यांना होती. पाचव्या मिनिटाला ती गेली. आता आत यायची गरज त्यांना होती आणि मागे थांबायची मुभा दिदिए देशां यांच्या फ्रान्सला. ज्यांनी चेंडू नाकारून चार नामांकित संघांना बेजार केलं, त्यांच्याच पायांत फ्रान्सनं चेंडू आणून ठेवला. ७९ व्या मिनिटाला बदली खेळाडू रँडल कोलो मुआनीनं, मैदानात येऊन मिनिटही झालं नसताना, दुसरा गोल केला. कबड्डीत प्रत्येक चढाईनंतर पाळी बदलते. तुम्ही मागे असा वा पुढे, समोरच्याला तुमच्या अंगणात यावंच लागतं. फुटबॉलमध्ये असा नियम नाही. मामांची उपमा इथे संपते. ती संपते तिथेच या डावपेचाचा कच्चा दुवा आहे, हे मला ती रात्र उलटून गेल्यावर बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

पाचाची रांग लावायला नको होती का? मला वाटतं, नको होती. जी साखळी तीन महिन्यांत कशीबशी जुळली, तिच्यात एक कडी वाढवली की सगळी अंतरं बदलतात. कोणी किती सरकायचं हा हिशेब पायांत भिनलेला असतो, तो एका रात्रीत पुसत नाही. पण दोन सेंटर-बॅक लंगडत असताना, समोर एम्बाप्पे असताना, घरातल्या खुर्चीवरून असा निकाल देणं सोपं आहे हेही मला कळतं. पुस्तकात दोन्ही बाजू मांडल्या आहेत. वाचकानं माझ्याशी भांडावं.

आकृत्यांबद्दल एक सूचना. प्रत्येक प्रकरणात मैदानाचे नकाशे आहेत आणि त्यांतल्या निम्म्या नकाशांत चेंडू दाखवलेलाच नाही. छपाईची चूक समजू नये. चेंडू दिसला की डोळा त्याच्यामागे जातो, ही सवय मोडायला मला मामांनी शिकवलेली युक्ती कामी आली. चढाईपटूच्या हातांकडे बघू नकोस, कंबरेकडे बघ, असं ते लहानपणी सांगायचे. सामन्यांची चित्रफीत बघताना मी टीव्हीच्या ज्या भागात चेंडू असेल तो तळहातानं झाकून उरलेल्या माणसांकडे बघत बसायचो. घरच्यांनी माझ्या डोळ्यांची तपासणी करून घेतली.

नावांच्या उच्चारांत मी मराठी वर्तमानपत्रांची रूढ वळणं शक्य तिथे पाळली आहेत. अरबी, फ्रेंच आणि डच अशा तिन्ही अंगांनी आलेल्या या नावांचा एकच शुद्ध उच्चार खुद्द संघाच्या बसमध्येही होत नसावा.

पहिलं प्रकरण २३ नोव्हेंबरच्या क्रोएशियाविरुद्धच्या सामन्याचं आहे. गोल शून्य-शून्य, आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू झालेला, आठवणीत राहावं असं त्यात काहीच घडलं नाही. पुढे जे जे झालं त्यातलं बहुतेक त्या दुपारी मैदानावर मांडून ठेवलेलं होतं. मी मामांना मुद्दाम बोलावलं होतं. दहाव्या मिनिटाला ते आरामखुर्चीत घोरायला लागले.